देवापुढचा 'झिरो', चवथीचा मांडव आणि गल्लीचं वीजबिल

दर्याकाठची (रविवार, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी,

वास्कोला मांगोर हिलच्या उतारावर आमची गल्ली आहे. पन्नास-साठ घरं, त्यात निम्म्याहून जास्त भाड्याच्या खोल्या. डावीकडे कारवारचं कुटुंब, उजवीकडे दर नाताळाला दोदोल (नारळ-गुळाचा गोड पदार्थ) पाठवणारी बाय, समोरच्या रांगेत गदग-बागलकोटची माणसं, त्यांच्या वर बंदरात कामाला जाणारे बिहारचे चौघे, कोपऱ्यावर केरळची नर्स आणि तिच्या शेजारी शिवणकाम करणारे चाचा. घरात मराठी बोलणारे आम्ही दहा-बाराच. पण गल्लीचा गणपती सगळ्यांचा. वर्गणीला जाताना एकही दार वगळत नाही, आणि आजवर एकाही दारातून रिकाम्या हाताने परतलो नाही.

गेली सहा वर्षं मंडळाचा जमाखर्च माझ्याकडे आहे. मांडवात पाचशे वॉटचे आठ हॅलोजन असायचे. संध्याकाळी सहा ते रात्री बारा, अकरा दिवस. यंदा मी ते कागदावर मांडलं. ४ किलोवॉट, रोज सहा तास, अकरा दिवस, म्हणजे नुसत्या उजेडाला २६४ युनिट. ते काढून शंभर वॉटचे आठ एलईडी फ्लड लावले. तोच हिशोब ५३ युनिटवर आला. उजेड तेवढाच, आणि माटोळीचं (गणपतीच्या वर टांगतो ती फळापानांची चौकट) आणखी एक कळलं. दरवर्षी तिसऱ्या दिवशी हॅलोजनच्या धगीने आंब्याचे टाळे (डहाळ्या) सुकून मुरगळायचे. यंदा सातव्या दिवशीही माटोळी हिरवी होती, सुपारीचं शिपटं (घड) तसंच तुकतुकीत.

हे सगळं धाग्याचं निमित्त. खरी गोष्ट पुढे आहे.

दिव्यांचा भार तपासायला गल्लीतल्या आयटीआयच्या मुलाने प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर आणला होता. साबणाच्या डबीएवढा, त्याला छोटासा पडदा. मीटर प्लगमध्ये, वस्तू मीटरमध्ये, की पडद्यावर वॉट दिसतात. पोरांनी लगेच मोबाइलचे चार्जर लावून बघायला सुरुवात केली. दुसऱ्या रात्री आरती संपल्यावर आमच्या शेजारच्या आजी देवघरातला तांबडा झिरो बल्ब होल्डरसकट घेऊन आल्या. म्हणाल्या, "ह्याला काय लागतं ते सांग. नावातच शून्य आहे." मुलाने लावला. आकडे जरा मागेपुढे झाले आणि १४.८ वर थांबले. आजींनी काढून परत लावायला सांगितला. परत १४.८.

पंधरा वॉट ऐकायला काहीच नाहीत. पण तो बल्ब रात्रंदिवस तेवतो, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. पंधरा वॉट, चोवीस तास, तीस दिवस: महिन्याला जवळजवळ ११ युनिट. त्याच तांबड्या रंगाचा अर्ध्या वॉटचा एलईडी लावला तर महिनाभरात अर्धा युनिटही होत नाही. जुन्या चकतीच्या मीटरवर एवढ्याशा भाराने चकती धड फिरत नसे, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. आताच्या इलेक्ट्रॉनिक मीटरला मात्र तो पुरता दिसतो.

तिसऱ्या रात्री उजवीकडची बाय तिच्या घरच्या ऑल्तारवरचा, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीपुढचा बल्ब घेऊन आली. चाचांनी मक्का-मदिनेच्या फ्रेमवरचा हिरवा आणला. गदगच्या अक्कांनी यल्लम्माच्या देव्हाऱ्यातला. चौघांचे बल्ब टेबलावर ओळीने ठेवले होते आणि चारही वेळा आकडा चौदा ते पंधराच्या आतच. मी हे बघत उभी होते आणि मला खरंच भरून आलं. इतकी वर्षं शेजारी राहतोय, एकमेकांच्या घरी जेवतोय, पण प्रत्येकाच्या देवापुढे तोच बल्ब तेवतोय हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

मे महिन्यात आम्ही वीज बचतीची सभा घेतली होती. पत्रकं छापली, खुर्च्या मांडल्या. नऊ माणसं आली, नऊही मराठी घरांतली. मांडवात मात्र अकरा दिवस रोज आरतीनंतर अर्धा तास टेबल मांडलं आणि कुणालाही बोलवावं लागलं नाही. कुणी इस्त्री आणली, कुणी सेट-टॉप बॉक्स (रिमोटने 'बंद' केला तरी ११ वॉट घेत होता), नर्सने किटली आणली. आयटीआयच्या मुलाने भिंतीवर आकडे लिहिले ते कोंकणी, कन्नड आणि हिंदीत, प्रत्येक भाषा त्या त्या घरच्या मुलाकडून लिहून घेतली.

आता गणपती पोचवून झाला. टेबल आवरलं, पण मला हे इथे थांबवायचं नाही. पुढे दिवाळी आहे, छठ आहे, ३० नोव्हेंबरला सांत आंद्रेचं फेस्त (चर्चचा सण), मग नाताळ. हे टेबल प्रत्येकाच्या सणात न्यावं असं वाटतं. दुसरं, बल्बच्या पुढे काय? आमच्यासारख्या दमट, खाऱ्या वाऱ्याच्या जागी घरात नेमकं कशावर पैसे घालावेत? आणि भाडेकरूंनी काय करावं? ज्यांनी कुणी असं काही केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

---

वायरमन_तिसवाडी (रविवार, रात्री ११:०५)

ताई, उपक्रम मनापासून आवडला. पण आधी एक गोष्ट हात जोडून सांगतो. मोजायचं टेबल मांडण्याआधी मांडवाची वायरिंग बघा. चवथ भर पावसात येते. मांडवाचे खांब लोखंडी पाइपचे, वर पत्रे, खाली ओली जमीन, आणि त्यात टेपने गुंडाळलेले जोड.

चार वर्षांपूर्वी एका मंडळाने मला रात्री बोलावलं होतं. खांबाला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणून. एका झुंबराची वायर पाइपवर घासून सोलली होती आणि मांडवाला कुठेच आरसीसीबी (करंटची गळती ओळखणारा स्विच) नव्हता. त्याच खांबाला धरून लहान मुलं दर्शनाच्या रांगेत उभी होती. त्या रात्रीपासून तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय मी मांडवाचं काम घेत नाही. एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला वाचवत नाही. करंट गळायला लागला की क्षणात तोडतो तो आरसीसीबी. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, ते दाबून तो पडतो की नाही हे रोज आरतीआधी बघा. आणि मांडवाला वीज खात्याकडून तात्पुरती जोडणीच घ्या. कुणाच्या घरातून वायर ओढू नका, खांबावरून तर नकोच.

मांगोर हिल म्हणजे चिऱ्याचा (जांभ्याचा) खडक. तिथे अर्थिंगची वेगळी अडचण आहे. चिऱ्यात पाणी टिकत नाही, मार्च-एप्रिलमध्ये जमीन खडखडीत होते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्ड्यात कोळसा-मीठ घालून उन्हाळ्यात अधूनमधून पाणी सोडावं लागतं. शिवाय खाऱ्या हवेने अर्थिंगच्या पट्टीचा बोल्ट गंजून पोकळ होतो, वरून धड दिसतो. वर्षातून एकदा उघडून बघा.

घरात पैसे कशावर घालावेत म्हणाल तर माझं उत्तर एकच: पंखा. आपल्याकडे एसी चार महिने, पंखा बारा महिने. साधा जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या नव्या मोटरचा) ३० च्या आसपास. रोज पंधरा तास धरा: जुन्याचे महिन्याला ३४ युनिट, नव्याचे १३-१४. एका पंख्यामागे वीस युनिट. तीन पंख्यांचं घर असेल तर साठ. बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून थेट स्विचवर घ्या, नाहीतर आतलं सर्किट लवकर जातं. तो जुना मोठ्या डबीचा रेग्युलेटर असेल तर आणखी एक. त्याच्यावर पंखा हळू केला की वीज वाचते असं लोकांना वाटतं. त्यातली बरीचशी वीज डबीतच तापून जाते. हात लावून बघा, गरम लागेल.

---

फोंडेकर_काका (सोमवार, सकाळी ७:२०)

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. देवापुढच्या दिव्याला वॉटमीटर लावणं माझ्या मनाला पटलं नाही. माणूस वर्षभर हिशोबच करत असतो. चवथीचे दिवस त्यातून सुटण्यासाठी असतात. आमच्या गावी आरतीनंतर घुमट-शामेळ-कांसाळं ही वाद्यं घेऊन रात्री बारा-एकपर्यंत आरत्या चालतात. तिथे कुणी टेबल मांडून इस्त्रीचे वॉट मोजू लागलं तर मला ते खटकेल. हॅलोजन काढून एलईडी लावलेत ते उत्तम केलंत. पण देवघर वेगळं.

---

दर्याकाठची (सोमवार, दुपारी २:१५)

काका, राग कसला. हाच प्रश्न मी त्याच रात्री आजींना विचारला होता, कारण मलाही अवघडल्यासारखं झालं होतं. आजी म्हणाल्या, "समई मी लावते, ती तेलाची. बल्ब पोरांनी लावलाय, तो दुकानातला." त्यांच्या मनात ते दोन वेगळे होते. समई तशीच तेवते, सकाळ-संध्याकाळ. बल्बच्या जागी बल्बच आला, तांबडाच, आजींनी रंग निरखून घेतला आणि मगच लावू दिला. दिवा विझवा असं आम्ही कुणालाच म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही.

टेबल आरती आणि घुमट आरत्या पुरत्या आटोपल्यावरच मांडायचो, मांडवाच्या बाहेरच्या बाजूला, चपला काढतात तिथे. तुमचं म्हणणं ऐकून मात्र हे ठरवलं: पुढच्या वर्षी देवघरातली वस्तू आणा असं आपण होऊन सांगायचं नाही. ज्याला आणावीशी वाटेल त्याने आणावी.

वायरमनदादा, आरसीसीबी होता, पण टेस्टचं बटण अकरा दिवसांत एकदाही दाबलं नाही. हे मंडळाच्या वहीत लिहून ठेवलंय.

---

भाडेकरू_सिंधुदुर्ग (सोमवार, रात्री १०:३०)

मी भाड्याने राहतो, वास्कोलाच, एका शिपयार्डच्या कंत्राटदाराकडे फिटर आहे. ताईंनी भाडेकरूंचं विचारलं म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

आमच्या मालकाच्या आवारात ओळीने पाच खोल्या. वीजजोडणी एकच, मालकाच्या नावाची. प्रत्येक खोलीला मालकाने आपला छोटा मीटर बसवलाय आणि युनिटमागे एक ठरलेला दर घेतो. मला हा दर नेहमी जास्त वाटायचा, मालक आपल्याला लुटतो असंच वाटायचं. मग एकदा बिलाचा कागद घेऊन बसलो. घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात, पहिले शंभर युनिट सगळ्यांत स्वस्त, पुढच्या प्रत्येक टप्प्याला महाग. माझी खोली महिन्याला ८० युनिट वापरते. स्वतंत्र जोडणी असती तर सगळे ८० सर्वांत स्वस्त दराने बसले असते. पण पाच खोल्यांचे ८० मिळून एका मीटरवर ४०० होतात. मग त्यातले फक्त पहिले शंभर स्वस्त, बाकी चढत्या दराने. म्हणजे सगळ्यांत कमी वीज वापरणारी माणसंच जास्त दर भरतात. मालक लबाड नसला तरी हेच होणार. मी त्यांच्याबद्दल मनात जे धरलं होतं ते चूक होतं आणि तसं त्यांना जाऊन सांगितलं.

याच्यावर खरं औषध म्हणजे प्रत्येक खोलीला वेगळी जोडणी. त्याला मालकाची लेखी संमती लागते, आणि मालकाला भीती वाटते की भाडेकरूच्या नावावर मीटर गेला तर उद्या खोलीवर हक्क सांगेल. मग आम्ही मधला मार्ग काढला. जोडण्या वेगवेगळ्या, पण नाव मालकाचंच, बिल खोलीवाल्याने भरायचं. पाचपैकी दोन खोल्यांचं काम झालंय, बाकीचं कागदपत्रांत आहे.

दुसरी अडचण पंख्याची. पंखा मालकाचा, बिल माझं. मालकाला महागडा पंखा घेऊन फायदा शून्य, कारण बिल तो भरत नाही. मला घ्यावासा वाटतो, पण खोली कधी सोडावी लागेल सांगता येत नाही. शेवटी मी स्वतःचा बीएलडीसी घेतला. मालकाचा जुना पंखा कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. जाताना तो परत लावायचा, माझा घेऊन जायचा. मालकाने हे एका ओळीत लिहून सही करून दिलंय. ज्याच्याकडे कायमचं घर नाही त्याने काढून नेता येतील अशाच वस्तूंवर खर्च करावा असं मला वाटतं: बल्ब, पंखा, स्विच असलेला एक्स्टेन्शन बोर्ड. टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स त्या बोर्डावर घेतले की झोपताना एकाच बटणाने दोन्ही बंद.

ताई, तुमच्या टेबलाजवळ मी दोनदा येऊन गेलो. पंख्याचा आकडा तिथेच बघितला होता.

---

मळेकर (मंगळवार, सकाळी ६:४५)

पणजीच्या मळ्यातून लिहितो. वरच्या चर्चेत सगळा भर वस्तूंवर आहे, म्हणून घराबद्दल दोन शब्द.

आमचं घर जुनं. दीड-दोन फूट जाडीच्या चिऱ्याच्या भिंती, चुन्याचा गिलावा, वर मंगळुरी कौलं, उंच आढं. खिडक्यांच्या वर हवेसाठी झरोके. वडिलांच्या काळात एप्रिलमध्येही मधल्या खोलीत पंख्याखाली स्वस्थ झोप लागायची. मग आम्ही काय केलं ते सांगतो. एका खोलीला एसी बसवला आणि झरोके प्लायने बंद केले. समोरचा बाल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा) ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचांनी बंद करून घेतला, पाऊस आत येऊ नये म्हणून. पश्चिमेची काच दुपारभर तापायची आणि संध्याकाळी घर भट्टीसारखं. बिल दुपटीने वाढलं.

तीन वर्षांपूर्वी झरोके उघडले, आतून बारीक जाळी लावली. बाल्कांवाच्या काचा काढायला आईची तयारी नव्हती, म्हणून पश्चिमेला बाहेरच्या बाजूने बांबूची चिकं (पडदे) सोडली. ऊन काचेच्या बाहेर अडवायचं. आतून पडदा लावला तर उष्णता घरात येऊन बसलेलीच असते. एसी अजून आहे, पण २५-२६ वर ठेवून पंख्यासोबत चालवतो. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या सांगण्याप्रमाणे एसीचं तापमान एक अंश वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. आपल्याकडे अंगाला चिकटणारा घाम खरा त्रास देतो, त्यामुळे हवा हलती राहिली की २६ सुद्धा पुरतं.

स्लॅबच्या घरवाल्यांसाठी: दुपारी गच्चीवर अनवाणी उभं राहून बघा, मग वरच्या मजल्यावर रात्री अकराला पंखा गरम हवा का फेकतो ते कळेल. पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग यांनी बराच फरक पडतो. चुना मात्र आपला पाऊस टिकू देत नाही, दर जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा मारावा लागतो. गळतीसाठी ज्यांनी गच्चीवर पत्रे घातलेत त्यांच्या स्लॅबला सावली आपोआप मिळते, फक्त पत्रा आणि स्लॅब यांच्यातली जागा बाजूंनी बंद करू नका, वारा खेळू द्या.

---

पुण्याहून_परत (मंगळवार, दुपारी १२:१०)

सोलरबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? आमची म्हापशात बारा फ्लॅटची सोसायटी आहे. विकणारे रोज दारात येतात, "बिल शून्य होईल, लाइट गेली तरी घर चालेल" असं सांगतात. खरं काय?

---

सचिव_म्हापसा (मंगळवार, रात्री ८:४०)

@पुण्याहून_परत, आमच्या सोसायटीचं काम होऊन दीड वर्ष झालं. माहीत आहे तेवढं सांगतो.

अर्धं खरं आहे. साधी ऑन-ग्रिड (वीज खात्याच्या तारेला जोडलेली) यंत्रणा लाइट गेली की स्वतःहून बंद पडते, भर दुपारी बारा वाजता ऊन असलं तरी. ते मुद्दाम तसं केलेलं असतं. नाहीतर तुमच्या पॅनलची वीज तारेत जाऊन खांबावर चढलेल्या लाइनमनला शॉक बसेल. लाइट गेल्यावरही घर चालवायचं असेल तर बॅटरीची वेगळी यंत्रणा लागते आणि खर्च बराच वाढतो. विकणाऱ्याला हा एक प्रश्न विचारा. सरळ उत्तर देणाऱ्याशीच पुढे बोला.

१ किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर सावली नसलेली जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला ४ युनिट मिळतात. आपल्याकडे जून ते ऑगस्ट आकाश बंद असतं, तेव्हा बरेच कमी. म्हणून एका महिन्याच्या आकड्यावर जाऊ नका, वर्षाचा हिशोब करा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या २ किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठरलं. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, किलोवॉटमागे १८,०००. अनुदान काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर खात्यात येतं, सुरुवातीला पूर्ण पैसे आपल्यालाच उभे करावे लागतात. पॅनल देशी सेलचे असले तरच ते मिळतं.

समुद्राजवळ असाल तर पॅनलपेक्षा सांगाड्याची चौकशी जास्त करा. साधं लोखंड रंगवून दिलेलं दोन पावसांत फुगतं. ॲल्युमिनियम किंवा जाड जस्ताचा लेप असलेलं घ्या आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे आहेत हे स्वतः बघा.

पण सोलरच्या आधी पंप बघा. आमच्या वरच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी अडवणारा) बिघडला होता, पाणी रोज वाहून जायचं आणि दीड अश्वशक्तीचा पंप दिवसाला दोन तास जास्त चालायचा. म्हणजे रोज दोन युनिटांच्या वर. व्हॉल्व्ह काही शे रुपयांचा. तो बदलला नसता तर पॅनलची तेवढी वीज आम्ही गटारात सोडली असती.

आमच्याकडे हे सगळं सर्वसाधारण सभेत दोन वेळा अडलं. वरच्या मजल्यावाल्यांना गच्ची जाण्याची धास्ती, तळमजल्यावाल्यांना लिफ्टच्या बिलाशी देणंघेणं नाही. शेवटी मार्ग निघाला तो बोडगेश्वराच्या जत्रेच्या रात्री. सगळी कुटुंबं एकत्र गेलो होतो, परतताना खाजं (जत्रेतली मिठाई) खात दोन तास खाली पार्किंगमध्ये बसून बोललो. सभेत मी कागद वाचून दाखवत होतो. त्या रात्री मी फक्त ऐकलं.

---

दर्याकाठची (मंगळवार, रात्री ९:१५)

सचिवसाहेब, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. मला जे वाटत होतं ते तुम्ही नेमकं लिहिलंत.

एक विचारते. आमच्याकडे गच्चीच्या कठड्यावर बोट फिरवलं की काळं होतं. पॅनलवर ही धूळ बसून उत्पन्न कमी होत असेल ना?

---

सचिव_म्हापसा (मंगळवार, रात्री ९:३२)

होतं, आणि पाऊस संपल्यापासून मेपर्यंत ती धुवायला कुणी येत नाही. दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने, मऊ फडक्याने पुसा. पहाटे किंवा उन्हं उतरल्यावर. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. गच्चीवर नळाची सोय आधीच करून घ्या, नाहीतर बादल्या वाहून दोन महिन्यांत कंटाळा येतो.

---

सांतानची_सून (बुधवार, दुपारी ३:००)

मी लग्नाआधी सावंतवाडीची, आता मडगावला. आमच्या घरात चवथ माहेरची आणि नाताळ सासरचा, दोन्ही होतं. माझं छोटंसं म्हणणं आहे. चवथीला गल्लीतली निम्मी घरं कुलूप लावून गावी जातात. जाताना फ्रिज पाच दिवसांसाठी अर्धा रिकामा चालू ठेवतात, देव्हाऱ्यातला बल्ब चालू, वायफाय चालू. मी आता आदल्या दिवशी फ्रिज रिकामा करून, पुसून, दार फटीएवढं उघडं ठेवून बंद करते. फ्रिजच्या दाराचं रबर बघायचं असेल तर दारात कागद अडकवून ओढा. सहज निघाला तर रबर सैल झालंय. आमचं तसंच होतं, रबर बदललं, फ्रिज नवा घ्यावा लागला नाही. नवा घेणार असाल तर लेबलवर नुसते तारे मोजू नका, वर्षाला किती युनिट आणि लेबल कोणत्या सालचं हेही वाचा. निकष कडक होत जातात, जुने पाच तारे आजचे पाच नसतात.

नाताळात आमच्या वाड्यावर नखेत्रांची (चांदणीच्या आकाराच्या आकाशकंदिलांची) स्पर्धा असते. कागद-बांबूची नखेत्रं पोरं स्वतः करतात. गेल्या वर्षी सासऱ्यांनी आत साठ वॉटचा बल्ब लावला होता आणि कागद करपला, थोडक्यात वाचलो. त्या दिवसापासून आत एलईडीच. ताई, तुमचं टेबल फेस्ताला नेणार असाल तर बायला पुढे करा. लोक तिच्याशी बोलतील.

---

फोंडेकर_काका (बुधवार, रात्री ९:०५)

धागा रोज वाचतोय. आज संध्याकाळी आमच्या देवघरातला बल्ब काढून हातात धरला. काढता काढता बोटं भाजली. चोवीस तास जळतो तो, आणि वर लाकडी फळी काळी पडली आहे. ती काळोखी समईची असेल असं मी समजत होतो. समई तर खाली असते.

देवघरात मीटर नको हे माझं मत अजून तसंच आहे. पण त्या फळीसाठी बल्ब बदलणार. गार राहतो ना तो एलईडी?

---

वायरमन_तिसवाडी (बुधवार, रात्री ९:२०)

काका, अर्ध्या वॉटचा हातात धरला तरी कोमटसुद्धा लागत नाही. पण होल्डरही बदला. इतकी वर्षं तापून आतलं प्लास्टिक ठिसूळ झालं असणार. मेन बंद करूनच हात घाला. फळीमागची वायर पण एकदा बघून घ्या.

---

दर्याकाठची (शुक्रवार, रात्री १०:१०)

काका, खूप बरं वाटलं वाचून.

काल रात्री गल्लीत बसलो होतो, ठरलं ते कळवते. फेस्ताचं बायने अंगावर घेतलंय. छठला बायण्याच्या किनाऱ्यावर आमच्या वरच्या मजल्यावरचे चौघे जातात. ते म्हणाले तिथे मोजायचं टेबल नको, घाटावर दिव्यांची सोय एलईडीची करतो आणि वायरला आरसीसीबी लावून घेतो. ते त्यांचं बरोबर आहे. चाचा ईदनंतर दुकानासमोर मांडायचं म्हणतात, त्यांच्या शिलाई मशीनची जुनी क्लच मोटर सुई थांबली तरी फिरत राहते, ती किती घेते हे त्यांना स्वतःलाच बघायचंय. @भाडेकरू_सिंधुदुर्ग, तुमच्या सही केलेल्या कागदाचा मजकूर मला पाठवाल का? आमच्या गल्लीत तीन मालक तयार झालेत, कागद कसा लिहायचा एवढंच अडलंय.

कुणाला मीटर हवा असेल तर सध्या तो गदगच्या अक्कांकडे आहे. त्यांनी दळणाची घरघंटी मोजायला नेलाय. रविवारी परत येईल, त्यानंतर नर्सचा नंबर.